अर्धवट कोड डेव्ह ब्रांचवर कधी टाकायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, चिपळूण, दापोली, कुडाळ, सावंतवाडीकडे घरी बसून पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचं काम करणारे, इथल्याच दुकानांची आणि होमस्टेंची सॉफ्टवेअरं करणारे, आणि नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेले: या तिघांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवलेत. उदाहरणं बहुतेक एकाच प्रकारच्या सॉफ्टवेअरची आहेत, हापूसच्या पेट्यांची नोंदणी, दर आणि पावती. तुम्ही गिट (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) वापरता असं धरून चाललोय. ब्रांच म्हणजे त्यातली कोडची वेगळी फांदी.

१. डेव्ह ब्रांच म्हणजे नेमकं काय? मेन असताना ती वेगळी कशाला?

मेन ही मुख्य ब्रांच. तिच्यावर जे असतं ते गिऱ्हाईकाकडे गेलेलं असतं, किंवा कुठल्याही क्षणी जाऊ शकतं. डेव्ह ही त्याच्या अलीकडची जागा. टीममधल्या सगळ्यांचं चालू काम तिथे पहिल्यांदा एकत्र येतं. बऱ्याच ठिकाणी काम डेव्हवर मर्ज झालं (मिसळलं) की टेस्ट सर्व्हरवर ते आपोआप डिप्लॉय होतं, म्हणजे चढतं. म्हणजे डेव्हवर टाकणं हे टेस्टरच्या पुढ्यात नेऊन ठेवणंच असतं.

गिट लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये केलं, पण मेन आणि डेव्ह अशा दोन कायमच्या ब्रांच ठेवायची पद्धत सगळीकडे पसरली ती विन्सेंट ड्रीसन यांनी २०१० मध्ये मांडलेल्या ‘गिट फ्लो’मुळे. त्यांनीच २०२० मध्ये त्या लेखाला टीप जोडली, की सतत डिप्लॉय होणाऱ्या वेब ॲपना याहून साधी पद्धत पुरते. तेव्हा तुमच्याकडे डेव्ह नसेल तर तुम्ही मागासलेले नाही. तुमच्यासाठी प्रश्न १७ आहे.

२. माझं काम अर्धवट आहे म्हणजे ते डेव्हवर टाकायच्या लायकीचं नाही, बरोबर ना?

नाही. इथेच सगळी गल्लत होते, म्हणून जरा सविस्तर.

कोड अर्धवट असणं आणि कोड मोडका असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पावतीवर डझनाचा दर छापायची सोय तुम्ही करताय. हिशोब झालाय, छपाई राहिलीय. ॲप उघडतं, जुनी पेटीवाली पावती पूर्वीसारखीच निघते, नवीन हिशोब कुणी हाक मारेपर्यंत गप्प बसून आहे. हे काम अर्धवट आहे, पण मोडकं नाही. ते डेव्हवर खुशाल जाऊ दे.

उलटही होतं. काम शंभर टक्के पूर्ण, सगळी बटणं जागच्या जागी, पण तुमच्या बदलामुळे जुन्या नोंदी उघडल्या की ॲप बंद पडतं. हा कोड पूर्ण आहे आणि मोडका आहे. तो डेव्हवर नको.

आपल्या गडग्याच्या आत कुणी खणून ठेवलं, चिरे पसरून ठेवले तर शेजाऱ्याला त्याचं काही नाही, पण सगळ्यांच्या पाणंदीत कुणी काटे टाकत नाही. तुमची स्वतःची ब्रांच गडग्याच्या आत आहे, डेव्ह ही पाणंद आहे. काम किती टक्के झालंय हे विचारूच नका. उद्या सकाळी दुसऱ्या कुणी डेव्ह खाली ओढली तर त्याचं काम अडेल का, एवढं विचारा.

३. मग टाकायचा कधी? नेमकं सांगा.

कोड बिल्ड होत असेल (त्यातून चालणारं ॲप तयार होत असेल), आधी चालत होतं ते सगळं अजून चालत असेल, अर्धवट भाग साध्या वापरणाऱ्याच्या हाताला लागत नसेल, आणि डेव्हवर टाकल्याने तुम्हाला काहीतरी नवीन कळणार असेल, तर आज टाका.

यातली चौथी अट लोक विसरतात. डेव्हवर टाकण्यामागे एखादा प्रश्न असायला हवा. हा हिशोब नवीन दरपत्रकाबरोबर जुळतो का? टेस्ट सर्व्हरवरच्या हजारो नोंदींवर हा शोध हळू पडतो का? बाकीच्यांच्या कोडबरोबर हे एकत्र नांदतं का? यातला एकही प्रश्न नसेल आणि नुसतं ‘टाकून ठेवतो’ असं वाटत असेल, तर तुम्हाला बॅकअप हवाय. त्यासाठी प्रश्न ५.

४. सगळं पूर्ण करूनच एकदम टाकलं तर काय बिघडतं? मला अर्धवट काही दाखवायला आवडत नाही.

आवडत नाही हे समजू शकतो. पण तीन आठवडे तुम्ही एकटे काम करत असता तेव्हा डेव्ह थांबलेली नसते.

समजा तुम्ही पेटीचा दर धरून वाहतूक खर्चाचा हिशोब लिहिताय. पेटीत फळाच्या आकारानुसार चार डझनही बसतात आणि सहाही, म्हणून मधल्या काळात सहकाऱ्याने दरपत्रकच पेटीवरून डझनावर आणलं. त्याचं काम डेव्हवर आलं, तपासलं गेलं, सगळे खूश. तुम्ही तीन आठवड्यांनी मर्ज करता. गिट एकाही ओळीत कॉन्फ्लिक्ट (टक्कर) दाखवत नाही, कारण दोघांनी वेगवेगळ्या फायली बदलल्यात. बिल्डही होतं. फक्त वाहतूक खर्च प्रत्येक ठिकाणी चार ते सहा पट चुकतो. गिटला ओळी कळतात, दर कशाचा आहे ते कळत नाही. तुमचा निम्मा हिशोब दुसऱ्या दिवशीच डेव्हवर असता तर दरपत्रक बदलणाऱ्याला तो समोर दिसला असता.

कोड वरचेवर एकत्र करण्याच्या या पद्धतीला ‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’ म्हणतात. हे शब्द ग्रेडी बूच यांनी १९९१ मध्ये वापरले, नंतर केंट बेक आणि एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगवाल्यांनी दिवसातून निदान एकदा एकत्र करायचं इथपर्यंत ते ताणलं. रोज जमलं नाही तरी दोन-तीन दिवसांपलीकडे ब्रांच एकटी राहू देऊ नये, असं माझं मत.

आणि आपल्याकडे आणखी एक कारण आहे. आंब्याच्या सॉफ्टवेअरला हंगाम असतो. मार्च ते मे हे मुख्य महिने. एप्रिलच्या मध्याला ‘पूर्ण’ होऊन पहिल्यांदा टेस्टला आलेलं काम त्या वर्षी कुणाच्या उपयोगाचं नसतं.

५. आमच्याकडे पावसात लाईट आणि नेट दोन्ही जातं. लॅपटॉप गेला तर काम जाईल या भीतीने मी रोज डेव्हवर पुश करतो. चालेल ना?

भीती रास्त आहे, जागा चुकीची आहे. पुश (सर्व्हरवर पाठवणं) आणि मर्ज (दुसऱ्या ब्रांचमध्ये मिसळणं) यांत फरक करा. रोज संध्याकाळी, ढग दाटून आले तर दुपारीसुद्धा, पुश करायचं ते स्वतःच्या ब्रांचवर. ती सर्व्हरवर असते, सुरक्षित असते, आणि तिथे कोड बिल्ड न होणारा असला तरी कुणाचं काही अडत नाही. डेव्हवर जायचं ते प्रश्न ३ मधल्या अटी पुऱ्या झाल्यावरच.

३ जून २०२० चं निसर्ग वादळ रायगड किनाऱ्यावर धडकलं. त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा दुकानांतल्या, ऑफिसांतल्या वस्तू पाण्याखाली गेल्या. अशा वेळी कोडची एकच प्रत एकाच मशीनवर असणं परवडत नाही. ‘गिट स्टॅश’वरही (अर्धवट बदल बाजूला ठेवायची सोय) विसंबू नका. स्टॅश तुमच्याच लॅपटॉपवर असतो, पुशबरोबर वर जात नाही. घाणेरडी कमिट (बदलाची नोंद) चालेल, पण कमिट करा आणि वर पाठवा. ती नंतर साफ करता येते (प्रश्न १६).

नेट दोन-तीन दिवस येणारच नसेल तर ‘गिट बंडल’ बघा. सगळ्या कमिट एका फाईलमध्ये बांधून मिळतात. ती पेनड्राईव्हवर घालून एसटीने चिपळूणला जाणाऱ्या कुणाच्याही हाती देता येते. समोरचा त्या फाईलमधून नेहमीसारखं फेच करू शकतो.

६. मॅनेजर म्हणतात, कुठल्याही अवस्थेत असो, रोज सहा वाजता सगळ्यांनी डेव्हवर टाकायचंच. काय करू?

त्यांना बहुधा रोजची प्रगती दिसायला हवी आहे, आणि ती मागणी चुकीची नाही. त्यांना सांगा, ‘सर, रोज सहाला माझ्या ब्रांचवर पुश होईल आणि ड्राफ्ट पीआर उघडा असेल, त्यात रोजचा बदल दिसेल. डेव्हवर मात्र बिल्ड होणारंच जाईल.’ (पीआर म्हणजे पुल रिक्वेस्ट, माझा बदल मर्ज करा अशी विनंती. ड्राफ्ट म्हणजे अजून कच्ची.) बहुतेक जण तेवढ्यावर समाधानी होतात. नाही झाले, तर कामाचे तुकडे इतके लहान करा की सहा वाजता बिल्ड होणारं काहीतरी हातात असेलच. तशीही ती चांगली सवय आहे.

७. टेस्टरला दिसावं पण बाकी कुणाला दिसू नये, हे कसं साधायचं?

फीचर फ्लॅगने. कोडमध्ये एक अट: ‘डझन_दर’ चालू असेल तर नवी वाट, नाहीतर जुनी. फ्लॅग मुळात बंद. टेस्ट सर्व्हरवर तो चालू करून टेस्टर बघते, बाकीच्यांना जुनंच दिसतं. फ्लिकरच्या टीमने २००९ मध्ये आपण असं करतो हे जाहीरपणे लिहिलं, त्यानंतर ही रीत फोफावली.

तीन गोष्टी पाळा. अट शक्यतो एकाच ठिकाणी तपासा. तीच अट बारा फायलींत विखुरली की काढताना एखादी राहतेच. बटण नुसतं लपवू नका, सर्व्हरच्या बाजूलाही अडवा, कारण पत्ता माहीत असलेला कुणीही थेट तिथे जाऊ शकतो. आणि फ्लॅग चालू व बंद अशा दोन्ही अवस्थांत ॲप तपासा. बंद अवस्था तपासायला सगळे विसरतात, आणि खऱ्या गिऱ्हाईकाकडे जाते ती तीच.

काम संपलं की फ्लॅग काढून टाका आणि त्याचं नाव पुन्हा वापरू नका. हे मी उगाच दटावत नाही. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीने नवीन कोडसाठी जुनाच एक फ्लॅग वापरला. आठपैकी एका सर्व्हरवर नवीन कोड पोचलाच नव्हता. तिथे त्या फ्लॅगने कित्येक वर्षं न वापरलेला जुना कोड जागा झाला आणि धडाधड सौदे करत सुटला. पाऊण तासात सुमारे ४४ कोटी डॉलरचं नुकसान झालं. आपल्या पावतीच्या ॲपमध्ये एवढं जाणार नाही, पण मे महिन्यात बागायतदाराच्या पावत्या चुकणं त्याच्यासाठी लहान नसतं.

८. एवढ्याशा कामाला फ्लॅग कशाला? दुसरा मार्ग नाही का?

आहे. काम खालून वर करा. आधी तक्ता, मग हिशोब, मग सर्व्हरची वाट, आणि मेनूतलं बटण सर्वांत शेवटी. बटण येईपर्यंत आतल्या कोडला कुणी हाकच मारत नाही, त्यामुळे प्रत्येक टप्पा बेधडक डेव्हवर जाऊ शकतो. नवीन पान, नवीन अहवाल अशा निव्वळ भर घालणाऱ्या कामाला हे पुरतं. चालू गोष्ट बदलायची असेल तर मात्र फ्लॅग लागतोच.

९. टाकला. आता टेस्टरला काय सांगू? ‘बघून घ्या’ म्हटलं की त्या चिडतात.

चिडणारच. अर्धवट कामात काय झालेलं नाही हे फक्त तुम्हाला माहीत असतं. ते न सांगता दिलंत तर त्या दिवसभर बसून तुम्हाला आधीच ठाऊक असलेल्या चुकांची यादी करतात. मग तुम्ही म्हणता, ‘ते अजून केलंच नाहीये.’ पुढच्या वेळी त्या तुमचं काम शेवटी हातात घेतात.

असा निरोप पाठवा: ‘ताई, आज डेव्हवर डझनाचा दर टाकलाय. फ्लॅग डझन_दर. नवीन नोंद आणि पावती चालते. जुनी नोंद बदलणं आणि रद्द करणं झालेलं नाही, ते तपासू नका. बघायचं एवढंच की सव्वापाच डझन टाकले तर पावतीवर ६३ फळं आणि रक्कम बरोबर येते का. पावभागाचा हिशोब कुठे गोल होतोय याची मला शंका आहे.’

शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. शंका कुठे आहे ते सांगा. चांगला टेस्टर तिथूनच सुरू करतो आणि तुम्ही न विचारलेलं बाहेर काढतो.

काही जण खऱ्या बागायतदारालाच टेस्टर करतात. त्याला विरोध नाही, फक्त वेळ बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काकांना चहा पाजून दोन तास बसवता येतं. पेट्या भरायच्या दिवसांत अर्धवट स्क्रीन घेऊन गेलात, तर काका जे बोलतील ते इथे लिहिता येणार नाही.

१०. ड्राफ्ट पीआर उघडला की झालं ना? डेव्हवर टाकायची गरज काय?

दोन्हींचा उपयोग वेगळा आहे. ड्राफ्ट पीआर (गिटहबवर २०१९ पासून, गिटलॅबमध्ये नावाआधी ‘ड्राफ्ट’ लावून) वाचण्यासाठी असतो. ‘दिशा बरोबर आहे का?’ हा प्रश्न असेल तर ड्राफ्टच उघडा. लवकर उघडा, चार ओळी असल्या तरी. ‘बाकीच्यांच्या कोडबरोबर चालतं का?’ हा प्रश्न असेल तर वाचून उत्तर मिळत नाही, चालवावं लागतं.

प्रत्येक पीआरसाठी स्वतंत्र प्रीव्ह्यू सर्व्हर उभा राहण्याची सोय तुमच्याकडे असेल तर टेस्टरला तिथेच बोलवा. पण तिथेही तुमचा कोड एकटाच असतो. प्रश्न ४ मधली दरपत्रकाची गडबड प्रीव्ह्यूमध्ये सापडली नसती.

११. डेव्हवरच्या आपोआप चालणाऱ्या टेस्ट आधीपासून लाल (नापास) आहेत, माझ्यामुळे नाहीत. मी माझं टाकू का?

नको. लाल डेव्हवर टाकलेलं काम तपासलं गेलंय असं कुणालाच म्हणता येत नाही. तुमची नवीन चूक जुन्या लालीत मिसळून जाते. आधी हिरवं करा, तुमचं काम नसलं तरी. जुनी टेस्ट खरंच निरुपयोगी असेल तर ती बंद करा, पण बंद का केली आणि कोण परत बघणार हे शेजारी लिहा.

टेस्टच नाहीत? मग कागदावर पाच गोष्टी लिहा: लॉगिन, नवीन नोंद, जुनी नोंद उघडणं, पावती, दिवसाचा हिशोब. मर्जआधी हाताने एकदा फिरून या. दहा मिनिटं लागतात.

१२. सहकाऱ्याचं काम माझ्या अर्धवट एपीआयवर (त्याच्या कोडने माझ्या कोडला विचारायची वाट) अडलंय. खोटं उत्तर देणारा कोड डेव्हवर ठेवला तर?

ठेवा, आणि लवकर ठेवा. प्रश्न काय, उत्तर कुठल्या आकारात, एवढं ठरवून ठरीव उत्तर देणारा स्टब टाकलात की सहकारी आपली स्क्रीन करायला मोकळा होतो.

धोका एकच. खोटं उत्तर खऱ्यासारखं दिसता कामा नये. ‘पैसे जमा झाले’ असं उत्तर देणारा पेमेंटचा स्टब डेव्हवर सगळे विसरून जातात, आणि एक दिवस तो मेनवर पोचतो. रकमेच्या जागी ९९९९९, नावाच्या जागी ‘खोटी नोंद’ असं डोळ्यांत भरणारं ठेवा. शिवाय प्रॉडक्शनवर (गिऱ्हाईक वापरतं त्या खऱ्या सर्व्हरवर) तो स्टब सुरूच होता कामा नये, तिथे सरळ एरर देऊन थांबावा अशी अट घाला. पैशांचा स्टब या अटीशिवाय रिव्ह्यूमधून पुढे जाऊ देऊ नका.

१३. डेटाबेसचा बदल निम्मा झालाय. तोही टाकू का?

इथे हात आखडता घ्या. कोड मागे घेता येतो, डेटाबेस तितक्या सहजी येत नाही. टेस्टचा डेटाबेस सगळ्यांचा एकच असेल तर तुमच्या ब्रांचचा बदल सगळ्यांच्या ब्रांचना भोवतो.

पद्धत अशी, की भर आधी, काढणं शेवटी. ‘पेटी_दर’ हा रकाना ‘डझन_दर’ करायचाय? नाव बदलू नका. पहिल्या टप्प्यात ‘डझन_दर’ नवीन रकाना घाला, रिकामा चालेल असा. कुणाचंही काही मोडत नाही, हा टप्पा आजच डेव्हवर जाऊ शकतो. दुसऱ्यात कोड दोन्ही रकान्यांत लिहू लागतो, वाचतो मात्र जुन्यातूनच. तिसऱ्यात जुन्या नोंदींचे दर नव्या रकान्यात भरा. चौथ्यात वाचणं नव्यावर न्या. जुना रकाना काढायचा तो हे सगळं प्रॉडक्शनवर जाऊन काही दिवस स्थिरावल्यावर. प्रत्येक टप्पा म्हणजे अर्धवट काम, आणि एकही टप्पा मोडका नाही.

मायग्रेशनची (डेटाबेस बदलायच्या आज्ञांची) फाईल एकदा डेव्हवर चालली की तिच्यात बदल करू नका. ज्यांच्याकडे ती आधीच चालून गेलीय त्यांच्याकडे बदल पोचतच नाही, आणि मग ‘माझ्याकडे चालतंय’ सुरू होतं. सुधारणा हवी तर नवीन फाईल. मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: तक्ता बदलणारी आज्ञा तिथे लगेच पक्की होते. पाच आज्ञांतली तिसरी फसली तर पहिल्या दोन तशाच राहतात. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये असे बहुतेक बदल एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं किंवा काहीच नाही अशा गठ्ठ्यात) घालून सगळे मिळून मागे घेता येतात. म्हणून मायएसक्यूएलवर एका फाईलमध्ये एकच बदल ठेवा.

१४. आमचं अँड्रॉइड ॲप आहे. त्याला हेच नियम?

डेव्ह ब्रांचपुरते हेच. फरक पुढे पडतो. वेबवर चूक दुरुस्त केली की सगळ्यांना लगेच नवीन दिसतं. ॲप एकदा फोनमध्ये बसलं की परत बोलावता येत नाही, आणि जिथे रेंजसाठी घाटीवर जावं लागतं तिथे लोक महिनोन् महिने अपडेट करत नाहीत. म्हणून फ्लॅगची किंमत सर्व्हरवरून यावी. ॲपमध्येच कोरून ठेवलेला फ्लॅग बंद करायला नवीन आवृत्ती पाठवावी लागते. सर्व्हरशी बोलणं झालं नाही तर फ्लॅग बंदच धरायचा.

टेस्टसाठी गूगलच्या प्ले कन्सोलच्या इंटर्नल टेस्टिंगमध्ये १०० जणांपर्यंत घालता येतात. प्रत्येक वेळी व्हर्जन कोड वाढवावा लागतो, ते बिल्डवरच सोपवा.

१५. अर्धवटच आहे म्हणून तात्पुरता पासवर्ड कोडमध्ये ठेवला तर?

नाही. स्वतःच्या ब्रांचवरही नाही. पुढच्या कमिटमध्ये काढलात तरी तो इतिहासात राहतो. गेलाच असेल तर आधी पासवर्ड किंवा गुप्त किल्ली (‘की’) बदला, इतिहास साफ करायचं नंतर. टेस्टसाठी खऱ्या गिऱ्हाइकांची नावं आणि फोन नंबर डेव्हवर चढवणं याच वर्गातलं.

१६. माझ्या कमिट ‘वीप’ (काम चालू आहे), ‘परत वीप’, ‘आता तरी चाल बाबा’ अशा आहेत. तशाच मर्ज करू?

स्वतःच्या ब्रांचवर काहीही लिहा. मर्जच्या वेळी स्क्वॅश करून एकाच नीट कमिटमध्ये बांधा, किंवा इंटरॅक्टिव्ह रिबेसने (कमिटचा इतिहास नव्याने मांडून) दोन-तीन अर्थपूर्ण तुकडे करा.

यात टापटिपीचा प्रश्न दुय्यम आहे. चूक कुठल्या कमिटने आणली हे ‘गिट बायसेक्ट’ निम्मं-निम्मं करत शोधतं. हजार कमिटमधून साधारण दहा पायऱ्यांत पोचतं. पण मधल्या कमिट बिल्डच होत नसतील तर त्या वगळत जावं लागतं, आणि शेवटी ‘या सातांपैकी एक’ असं उत्तर हाती येतं.

रिबेस केलेली स्वतःची ब्रांच पुन्हा वर पाठवताना नुसता फोर्स पुश (सर्व्हरवरचं पुसून आपलंच चढवणं) नको, ‘फोर्स-विथ-लीज’ वापरा. तुम्ही न पाहिलेलं दुसऱ्या कुणाचं काम त्यावर असेल तर तो थांबतो. डेव्हवर मात्र कुठलाच फोर्स पुश नाही.

१७. आमच्याकडे डेव्हच नाही, सगळे थेट मेनवर मर्ज करतात.

याला ट्रंकवर काम करणं म्हणतात आणि चांगल्या टेस्ट असतील तर ते उत्तम चालतं. प्रश्न ३ च्या अटी तशाच, फक्त अर्धवट भाग झाकणं तुमच्याकडे सक्तीचं होतं, कारण मधे डेव्हचा उंबरा नाही. टेस्ट नसताना मात्र ही पद्धत घेऊ नका.

१८. हंगामाच्या तोंडावर किंवा गणपतीला निघताना टाकलं तर चालेल?

हंगामाचं आधी. रिलीजसाठी वेगळी ब्रांच काढा आणि तिच्यावर फक्त दुरुस्त्या जाऊ द्या. डेव्ह उघडी राहू दे. पुष्कळ टीम डेव्हलाच कुलूप लावतात, मग तीन आठवडे सगळ्यांचं काम आपापल्या ब्रांचवर साचतं आणि कुलूप निघालं की प्रश्न ४ मधलं सगळं एकाच दिवशी घडतं.

गणपतीचं असं, की मुंबईतली निम्मी टीम कोकणात येते आणि इथे असलेल्यांच्या घरी पाहुणे भरतात. पाच दिवस कुणीच जागेवर नसतं. मर्जनंतर निदान तासभर तुम्ही मशीनसमोर असणार असाल तर टाका. गाडी पकडायची असेल तर स्वतःच्या ब्रांचवर पुश करा आणि निघा. शुक्रवारी संध्याकाळी हेच.

१९. एआयने लिहून दिलेला कोड आहे, चालतो, पण मला पूर्ण कळलेला नाही. हा अर्धवट धरायचा का?

कोड अर्धवट नाही, तुमचं समजणं अर्धवट आहे. आणि ती उणीव टेस्टरकडून भरून येत नाही. डेव्हवर मोडलं तर उत्तर तुम्हाला द्यायचंय. प्रत्येक भाग काय करतो हे शेजारच्याला मराठीत सांगता येईपर्यंत तो तुमच्या ब्रांचवर राहू दे.

२०. मी एकटाच आहे, एका होमस्टेची वेबसाईट करतोय. मला हे सगळं लागू आहे?

निम्मं. सहकारी नाही, पण मालक टेस्टची लिंक उघडून बसलेले असतात. त्यांना ती लिंक म्हणजेच वेबसाईट. न चालणारं बुकिंगचं बटण दिसलं की रात्री दहाला फोन येतो. अर्धवट भाग झाका (प्रश्न ८) आणि निरोप प्रश्न ९ सारखाच पाठवा.

२१. टाकला, आणि डेव्ह मोडली. मागे कसा घेऊ? रिव्हर्ट केल्यावर माझं काम परत मर्जच होत नाहीये!

पहिला भाग सोपा. पंधरा मिनिटांत दुरुस्त होणार असेल तर करा, नाहीतर ‘गिट रिव्हर्ट’, म्हणजे तो बदल उलटवणारी नवीन कमिट. इतिहास पुसून फोर्स पुश करू नका. बाकीच्यांनी तुमची कमिट आधीच ओढलेली असते आणि ती त्यांच्याकडून परत येते. कुणी तुमचं काम रिव्हर्ट केलं तर रागावू नका. आधी वाट मोकळी, कारण नंतर.

दुसरा भाग बऱ्याच जणांना रडवतो. मर्ज कमिट रिव्हर्ट करताना ‘एम १’ (-m 1) हा पर्याय द्यावा लागतो, म्हणजे डेव्हची बाजू ठेव असं सांगणं. बदल जातात, पण ती ब्रांच मर्ज झालेली आहे ही नोंद इतिहासात राहते. तुम्ही त्याच ब्रांचवर दोन दुरुस्त्या करून पुन्हा मर्ज करता तेव्हा गिट म्हणतं, जुन्या कमिट तर आधीच आल्यात, आणि फक्त त्या दोन दुरुस्त्या आणतं. मूळ काम गायब. टेस्टर विचारते, ‘अरे, कालचं स्क्रीन कुठे गेलं?’

उपाय असा. डेव्हवरून नवीन ब्रांच काढा, त्यावर आधी त्या रिव्हर्टचाच रिव्हर्ट करा म्हणजे मूळ काम परत येईल, मग दुरुस्त्या घाला आणि ती मर्ज करा. स्क्वॅश करून मर्ज केलं असेल (प्रश्न १६) तर मर्ज कमिटच नसते, साधी एक कमिट असते, तेव्हा ‘एम १’ लागत नाही. जुनीच ब्रांच पुन्हा मर्ज करायला गेलात तर तिथेही गोंधळ होऊ शकतो. त्यामुळे दोन्ही बाबतीत नवीन ब्रांच आणि रिव्हर्टचा रिव्हर्ट, हाच रस्ता धरा.